आबांनी सोडलेलं दूध

आबा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. जन्मात कधी तुम्हाला प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्ही मागं वळून बघाल, ही कुणाशी बोलायली म्हणून!

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं पाचोडला उतरू आणि तिथून वस्तीवर येऊ. तिथं मला सगळ्यांसमोर एक गोष्ट करायची आहे. ती करायच्या आधी तुमच्या कानावर घालावी म्हणून हे लिहायला बसले. हॉस्टेलच्या मुलींचे डबे मघाशी गेले, तनू शाळेत आहे, विलास कंपनीत. घरात मी एकटीच आहे आणि हाताला अजून कणकेचा वास येतोय.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, माहीत आहे मला. तुमचं सातबाऱ्यापासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं मीच वाचून दाखवायचे. हेही मीच वाचीन, मोठ्यानं. फक्त मध्ये “पुढं काय, पुढं काय” करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे मी तुमच्यावर रागावले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुम्ही रागावायला सवड तरी दिलीत का? काही बोलायला जावं तर मान खाली घालून तंबाखू मळत बसायचात. मग माझाच आवाज खाली यायचा.

तनूचं जेवण आठवतं तुम्हाला? एक घास, एक घोट पाणी. पुन्हा एक घास, पुन्हा एक घोट. आमची ताटं धुऊन व्हायची तरी हिची अर्धी पोळी ताटात. कधी गालात धरून बसायची, कधी खिशात लपवायची. पोटात दुखतं म्हणायची, ओकायची. सगळे म्हणायचे नाटकं आहेत, लाडावलेली आहे, एक धपाटा घाला पाठीत. औषधं झाली, जंताची गोळी झाली, दृष्ट काढून झाली. तुम्ही एकटेच म्हणायचात, “उगं लेकराला बोलू नका. शेरडू सुद्धा उगंच चारा सोडत नाय. कायतरी खुपायलंय तिला.”

मग लासूर स्टेशनला माझ्या नणंदेचं लग्न. पंगतीत तनूच्या नरड्याखाली पुरीचा तुकडा अडकला तो खाली जाईना की वर येईना. तोंडातून लाळ गळायली, डोळे पांढरे. तुम्ही पंगतीतून उठून तिला खांद्यावर टाकलंत आणि धोतराचा काष्टा सुटला तरी गाडीपर्यंत पळत गेलात. तुमचं ते पळणं मी कधीच विसरणार नाही.

इथं शहरात आणून दुर्बीण घालून तपासलं. आतल्या सालीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं की घशापासून पोटापर्यंत जाणारी नळी आतून सुजली आहे. तिच्या शरीराला काही अन्न परकं वाटतं. ते नळीतून उतरलं की अंग त्याच्याशी भांडायला उठतं आणि त्या भांडणात नळीच सुजते. असंच चालू राहिलं तर नळी अरुंद होत जाईल.

“मंजी अंगावर पित्त उठतं, तसं आतून?” तुम्ही विचारलंत.

“हो आबा. अगदी तसंच समजा,” मॅडम म्हणाल्या. किती खूश झालात तुम्ही! रिक्षावाल्याला सुद्धा सांगत होतात, आतलं पित्त हाय म्हणून.

आधी पित्ताच्या गोळ्या देऊन बघितल्या, त्यांनी उतार पडला नाही. मग मॅडमनी दोन वाटा सांगितल्या, एक दुसऱ्या औषधाची आणि एक खाण्याची. आम्ही खाण्याची धरली. दूध, गहू, अंडं, सोयाबीन, शेंगदाणे आणि काजू-बदाम, मासे. हे सगळं काही आठवडे पूर्ण बंद. मग पुन्हा दुर्बीण. नळी स्वच्छ दिसली तर एकेक पदार्थ परत द्यायचा आणि कोणता चोर आहे ते शोधायचं.

“मासे आपुन कवा खातो? चला, एक तर फुकटात सुटलं!” असं तुम्ही म्हणालात आणि त्या दिवसात पहिल्यांदा विलास हसले.

पण बाकीचं काही फुकटात सुटलं नाही. गव्हाच्या घरात गहू बंद! माझा सगळा धंदा पोळ्यांचा. परात, पोळपाट, तवा सगळं उचलून मागच्या ओट्यावर नेलं आणि तनूसाठी वेगळा तवा आणला. तिच्या भाकरीला पिठाचा कण लागू नये म्हणून मी दहादा हात धुवायचे. बिस्किटात दूध, टोस्टात गहू, चिवड्यात शेंगदाणे. आपल्या आमटीच्या येसर मसाल्यात सुद्धा गहू भाजून घालतात हे माझ्या ध्यानात तुम्हीच आणून दिलंत. मग माझ्या भावाच्या, अण्णाच्या बायकोकडून बिनगव्हाचं येसर कुटून आणलंत, बाजरी आणलीत, घाण्याचं करडईचं तेल आणलंत. एसटीच्या टपावर काय काय चढवायचात तुम्ही!

वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटलं की तनू ते घरी आणून फ्रीजवर ठेवायची. “बरी झाले की खाईन,” म्हणायची. ती चॉकलेटं पातळ होऊन कागदाला चिकटली तरी टाकू द्यायची नाही.

त्याच दिवसात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही आमच्याकडं राहायला आलात. एकटे नाही, भुरीला घेऊन! म्हणे तिला दुसऱ्याचा हात चालत नाही, धार काढली नाही तर ओटी दाटून येईल. इथं शहरात, गारखेड्यात, आमच्या मागच्या बोळात, मोटारसायकलच्या शेजारी बकरी! समोरच्या वहिनींची अख्खी जास्वंद तिनं दोन दिवसात साफ केली. वहिनी भांडायला आल्या तर तुम्ही काळा चष्मा चढवून म्हणालात, “बाई, मला दिसत नाय आन् तिला कळत नाय. कुणाला बोलता?” वहिनी हसत परत गेल्या. तनू तर भुरीला शाळेतून आल्या आल्या अभ्यास वाचून दाखवायची. आबा, ते दिवस किती चांगले होते.

पुन्हा दुर्बीण घातली. मला खात्री होती की आता नळी लख्ख निघणार. मी इतकं सांभाळलं होतं! रिपोर्ट घ्यायला तुम्ही पण आलात, मला बी ऐकू द्या म्हणून. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, काहीच फरक नाही. सूज आहे तेवढीच आहे.

मॅडम एकेक विचारायला लागल्या. शाळेत काही खाल्लं का, बाहेरचं काही, कुणाच्या हातचं काही. मी नाही नाही म्हणत होते. मग तुम्ही पुढं सरकलात, टोपी नीट केलीत आणि छातीवर हात ठेवून सांगितलंत.

“दुधाचा थेंब दिला नाय, म्याडम. दही नाय, ताक नाय, चहा बी कोरा. सकाळी तेवढं भुरीचं देतो. वाटीभर.”

“भुरी कोण?”

“बकरी.”

मॅडम तुमच्याकडं बघत राहिल्या. मी तुमच्याकडं बघत राहिले. “दूध नाय ते,” तुम्ही समजावून सांगायला लागलात. “औषध हाय. शेरडू रानात ज्या त्या पाल्याला तोंड लावतंय, समद्या पाल्याचा गुण उतरतो त्यात. हिला बी गोवर निघाला तवा त्याच्यावरच वाचली.” आणि माझ्याकडं बोट दाखवलंत.

तुम्ही काही लपवलं नव्हतंत. पहाटे मी मागच्या ओट्यावर पोळ्या लाटत असायचे आणि तुम्ही पुढच्या खोलीत तिला उठवून कोमट फेसाळ वाटी तिच्या तोंडाला लावायचात. तनू मला बोलली नाही, कारण तिलाही ते औषधच वाटायचं. आपल्यात दूध म्हणजे गाईचं, म्हशीचं. बकरीचं मागायला येतं ते आजाऱ्याच्या घरचं माणूस, आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. मी स्वतः तशीच वाढले. ती वाटी मी डोळ्यांनी पाहिली असती तरी तुमचा हात धरला असता का? खरंच सांगता येत नाही.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “आबा, तुमची बकरी गुणाची असेल. पण तनूच्या नळीला गाय कोणती आणि बकरी कोणती, ते ओळखू येत नाही. तिच्यासाठी ते दूधच.”

रिक्षात तनू तुमच्या मांडीवर बसून काहीतरी बडबडत होती. तुमच्या काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं तेव्हा ती म्हणाली, “आबा, रडता?” तुम्ही म्हणालात, “नाय माय, ऑपरेशनचं पाणी हाय ते.” घरी येऊन कोरा चहा मागितलात. मला वाटलं, आज दूध नको वाटत असेल. दुसऱ्या दिवशी डोळा तपासून घेतलात आणि भुरीला टेम्पोत घालून गेलात. मी अडवलं तर म्हणालात, शेतात काम हाय.

पुढचं मला अण्णानं फोनवर सांगितलं. तुम्ही बिरोबापुढं हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतलीत. “तनू दूध पिईल तवा मी पिईन.”

भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे आपल्यात काळ्या दगडावरची रेघ! मला विचारायचं तरी होतंत, आबा! मी सांगितलं असतं की डॉक्टरला थोडा वेळ द्या, अजून कुणालाच काही कळलेलं नाही. शिक्षा घ्यायची एवढी घाई कसली होती? आणि कुणी सांगितली होती शिक्षा? तनूनं? मी? मॅडमनी? एका माणसानं तरी तुम्हाला बोल लावला होता का?

तुमचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. महिनोन् महिने रानात, बरोबर भाकरीचं पीठ आणि वर दूध. दुसरं कालवण नाही. दूध न घातलेला चहा तुम्ही म्हणजे गढूळ पाणी समजायचात. त्या माणसानं दूध सोडलं. रोज सकाळी भुरीची धार काढायची, किटली भरायची आणि दुसऱ्यांच्या घरी पोचवायची. अण्णा म्हणायचा, किटलीकडं बघत पण नाहीत.

भुरीचं बंद झालं आणि पुढच्या दुर्बिणीला तनूची नळी स्वच्छ निघाली. आतली साल गुलाबी, गुळगुळीत! मॅडमनी फोटो दाखवला. मी तिथंच रडले. त्या रात्री तनूनं अख्खी बाजरीची भाकरी खाल्ली आणि पाण्याचा तांब्या तिच्यासमोर तसाच भरलेला राहिला. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, “पाणी न पिता?” मी म्हटलं, न पिता. “पुना सांग,” म्हणालात. मी पुन्हा सांगितलं.

त्यानंतर एकेक परत आलं. अंडं आलं. सोयाबीन आलं. शेंगदाणे आले त्या दिवशी तनूनं शेंगाची चटणी चमच्यानं खाल्ली. प्रत्येकाच्या नंतर थांबायचं, बघायचं, पुन्हा दुर्बीण. लेकराला किती वेळा झोपवलं असेल त्या टेबलावर! प्रत्येक वेळी तुमचा फोन यायचा आणि शेवटी एकच प्रश्न. “दूध कवा?”

दूध कधीच नाही, हे मॅडमनी तोवर सांगितलं होतं. चोर तोच निघाला होता. मोठी झाल्यावर कधीतरी बघू म्हणाल्या, पण आशा लावून बसू नका म्हणाल्या. मी तुम्हाला म्हणायचे, “बघू आबा.” कसं सांगणार होते? तुमचे गाल बसायला लागले होते. धोतर कमरेला जास्तीचा वेढा देऊन नेसायला लागला होतात.

मग गेल्या हिवाळ्यात तो ताप आला. तुम्हाला इथं आणून ॲडमिट केलं. छाती भरली होती. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं सांगितलं, आजोबांना ताकद नाही, दूध द्या, अंडी द्या. मी ग्लास भरून आणला. तुम्ही तो दोन बोटांनी बाजूला सरकवलात, जसा कुणी चुकून आपल्यापुढं दुसऱ्याचं ताट ठेवावं आणि आपण ते सरकवावं. मी रडले, ओरडले, पाया पडले. म्हटलं, भंडारा मी बघून घेईन, तुम्ही प्या! तुम्ही म्हणालात, “सुभे, देवापाशी उधारी चालत नाय.”

तनू रोज संध्याकाळी यायची. तिचं ते नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवलेलं, गूळ घातलेलं, तिनं डब्यात आणलं आणि तुमच्या तोंडाला वाटी लावली. “माझं दूध हे, आबा. हे तर प्याल?” तुम्ही प्यालात. मिशीला लागलेलं तिनं आपल्या फ्रॉकनं पुसलं. त्यानंतर तुम्ही फार खाल्लं नाही. दोन दिवसांनी गेलात.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, छाती कमजोर होती, एक ग्लास दुधानं काही झालं नसतं. असेल खरं. पण माझ्या मनात तो ग्लास अजून तसाच भरलेला आहे, आबा. मी काय करू त्याचं?

तिसऱ्या दिवशी राख सावडताना दुधाची चरवी आली आणि तात्यांचा हात थांबला. तुमचा धाकटा भाऊ, सगळ्यांना दरडावणारा माणूस, चरवी हातात धरून लेकरासारखा रडायला लागला. “दादानं भंडारा उचललाय. ह्याच्यावर दूध कसं घालू?” शेवटी पाणीच घातलं. सगळ्या भावकीनं ते पाहिलं आणि तेव्हापासून एकच बोलणं सुरू झालं, की आबा अडकले. भुरी गाभडली तरी आबा. अण्णाचं बोअर आटलं तरी आबा. कुणाला स्वप्नात तुम्ही रिकामी किटली घेऊन दिसता. जिवंतपणी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस, आणि मेल्यावर वस्तीच्या प्रत्येक वाईटाला तुमचं नाव!

मागच्या रविवारी तात्या आणि अण्णा दोघं गारखेड्याला आले. तुम्ही बसायचात त्याच खुर्चीवर तात्या बसले. मग म्हणाले, “सुभे, वर्षश्राद्धाला तनूला दूध पाज. देवाम्होरं. लई नाय, एक घोट. जिभेला लाव नुसतं. दादा सुटंल.”

मी म्हटलं, तात्या, तिला चालत नाही.

“एक घोटानं काय मरतंय का लेकरू? व्हय? आन् तिकडं माझा भाऊ वर्षभर उपाशी हुबा हाय, त्याचं काय?”

अण्णा खाली बघत होता. त्याला पटत होतं का नव्हतं, देव जाणे. आणि तेवढ्यात जिन्यावरून तनू म्हणाली, “मी पिते.”

आम्हाला वाटलं ती वर अभ्यास करतेय. ती खाली आली, तात्यांच्या समोर उभी राहिली. “माझ्यामुळं आबांनी दूध सोडलं ना? मग मी पिते. मला दुखलं तरी चालेल. मला सवय आहे.”

आबा, तिनं “मला सवय आहे” म्हटलं! एवढ्याशा पोरीला दुखण्याची सवय आहे हे मला माहीत होतं. पण ती ते दुसऱ्यासाठी वापरायला निघाली होती. तात्यांनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, म्हणाले, दादाची नात शोभतीस. मला मात्र त्या क्षणी तात्यांच्या हातातून तिला ओढून घ्यावंसं वाटलं.

मी मॅडमना फोन केला. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्या ओरडतील आणि माझं काम सोपं होईल. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “एका घोटानं त्याच दिवशी काही दिसेलच असं नाही. पण मी हो म्हणणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही ठरवा.” म्हणजे सगळं माझ्यावरच येऊन पडलं. एक घोट. कदाचित काही होणारही नाही. आणि तुम्ही सुटाल, तात्यांना झोप लागेल, वस्तीवरची कुजबुज थांबेल.

आठवडाभर मी हेच घोळवतेय. पोळी करपते तरी ध्यान नसतं. मला सुद्धा तुम्ही सुटायला हवे आहात, आबा. वस्तीवर सगळ्यात जास्त मलाच हवे आहात. तुम्ही भूतखेत झालात असं मी मानत नाही, पण तुम्ही उपाशी आहात असं कुणी म्हटलं की माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. विलास म्हणतात, हे सगळं खुळ्यासारखं आहे, जाऊच नको. त्यांना काय? त्यांनी तुमचा सरकवलेला ग्लास पाहिला नाही.

पण मी तनूकडं बघते. महिनाभरापूर्वी गहू परत आला, शेवटचा. पहिली पोळी मी तिला तव्यावरून दिली, तुपाऐवजी करडईचं तेल लावून. ती खाताना मोठ्यानं बोलत होती, आबा! तोंडात घास आणि गप्पा! पूर्वी ती जेवताना कधी बोललीच नव्हती. तिचं सगळं ध्यान गिळण्यात असायचं. आता ती वर्गातल्या कुणाची तरी नक्कल करत होती आणि मी म्हणाले, “जेवताना बोलू नये,” आणि मग मला इतकं हसू आलं की ती पण हसायला लागली.

त्या नळीत मी काही घालणार नाही. एक घोट नाही, जिभेवर थेंब नाही. आज एक घोट तुमच्यासाठी, उद्या एक घोट अजून कुणासाठी. आणि तनू शिकेल की आपला घसा म्हणजे घरातल्या माणसांची देणी फेडायची जागा. बाईच्या जातीला हे शिकवावं लागत नाही, आपोआप येतं. मला ते तिच्यात येऊ द्यायचं नाही.

तुमचं प्रेम कमी होतं का? तिच्यावर तुमच्याएवढं कुणी केलं नाही. पण आबा, तुम्ही तिच्यासाठी सोडलंत आणि ते ओझं तिच्याच मानेवर आलं. असं व्हावं हे तुमच्या मनात नव्हतं, मला माहीत आहे. भंडारा उचलताना तुम्हाला तेवढं पुढचं दिसलं नाही. तुम्ही आज असता आणि तात्या वाटी घेऊन तनूपुढं उभे राहिले असते, तर काठी घेऊन तुम्हीच आडवे गेला असता, यात मला तिळभर शंका नाही.

तेव्हा आता ऐका. उद्या तात्या वाटी पुढं करतील. मी ती तनूच्या हातात जाऊ देणार नाही. मी ती घेऊन तुमच्या पानावर ओतीन, भाताच्या शेजारी, भरपूर. मग बिरोबापुढं जाऊन मी स्वतः भंडारा उचलीन आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणीन, की माझ्या बापाचा शब्द मी मोडला. तनूनं नाही, आबांनी नाही. मी, शुद्धीत असताना, मोडला. त्याचं जे काय व्हायचं ते माझ्यावर येऊ दे. तात्या रागावतील, अण्णा कदाचित माहेरचं दार बंद करील. मी ते सोसायला तयार होऊन येतेय.

वचन देते, तनूला मी कधी सांगणार नाही की तू प्यायली असतीस तर आबा सुटले असते. आणि कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर त्याला तिच्यासमोर खोटं पाडीन. ती पोटभर जेवेल. तिला चालतं ते सगळं, हसत, बोलत, पाण्याशिवाय.

तुम्ही दूध प्या, आबा. आता प्या. आणि देवानं विचारलं की शब्द कुणी मोडला, तर मान खाली घालून उभे राहू नका. माझं नाव सांगा.

तुमची लेक,
सुभद्रा